माहेरचा गणपती, मैत्रिणींची दिवाळी आणि एकच बोनस

आपले पत्र दोनदा वाचले. आपण 43 वर्षांच्या, घटस्फोटित, डोंबिवलीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या आणि खासगी कंपनीत नोकरी करणाऱ्या आहात. देवगड तालुक्यातील माहेरच्या घरी गौरी-गणपतीला यावे, सणाच्या खर्चाचे 6,000 रुपये द्यावेत आणि घराची कौले व वासे बदलण्यासाठी 40,000 रुपये आत्ताच पाठवावेत, असा भावाचा निरोप आहे. दुसरीकडे, घटस्फोटानंतरची सहा वर्षे ज्यांच्यासोबत आपण प्रत्येक दिवाळी साजरी केली, त्या तीन मैत्रिणींनी यंदाच्या दिवाळीचा बेत आखला आहे आणि त्यात आपला वाटा 12,000 रुपयांचा आहे. त्यांच्यापैकी एकीने दोन वर्षांपूर्वी आपल्या शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या 80,000 रुपयांपैकी 50,000 अजून फिटायचे आहेत. बोनस 70,000 रुपयांचा, शिल्लक रजा चार दिवसांची, आणि आपला प्रश्न असा की यंदा कोणाची निवड करावी.

मला वाटते, आपण सण, घर आणि कर्ज हे तीन वेगळे हिशेब एकाच प्रश्नात बांधले आहेत, म्हणूनच तो एवढा जड झाला आहे. सणांचा खर्च प्रवास धरूनही वीस-बावीस हजारांच्या पुढे जात नाही. खरा भार आहे तो छपराचा आणि कर्जाचा.

छपराच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: बोनस दिवाळीच्या तोंडावर मिळणार आणि गणपती त्याआधी, त्यामुळे आत्ता 40,000 पाठवायचे तर आपल्याला 90,000 रुपयांची मुदतठेव मोडावी लागेल. आपला महिन्याचा खर्च 38,000 रुपये असताना ही ठेव जेमतेम सव्वादोन महिन्यांची आहे, आणि ज्या व्यक्तीला अडचणीच्या वेळी एकदा मैत्रिणीकडे हात पसरावा लागला तिने ती मोडू नये. शिवाय छप्पर हा सणाचा खर्च नव्हे, ती मालमत्तेतील गुंतवणूक आहे. घर आजोबांपासून चालत आलेले आहे आणि वडील 2001 मध्ये वारले, असे आपण लिहिता. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि त्या वेळी वडील हयात असणे आवश्यक नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. पूर्वी रीतसर वाटणी झालेली नसेल आणि आपण हक्कसोडपत्र लिहून दिले नसेल, तर त्या घरात आपलाही वाटा असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून गावी गेल्यावर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा (घराच्या कर आकारणीची नोंद) आणि जमिनीचा सातबारा पाहावा, शंका असल्यास वकिलाला दाखवावा, आणि छपराचे पैसे दिवाळीनंतर, दोन-तीन हप्त्यांत, बँकेतूनच द्यावेत. भावावर अविश्वास दाखवा असे मी म्हणत नाही. नोंद असली की पुढे बोलाचाली होत नाहीत, एवढेच.

मैत्रिणीचे कर्ज मात्र मी सर्वांत आधी फेडायला सांगेन. ती मागत नाही, हेच त्याचे कारण आहे. ज्याचा तगादा नाही ते देणे दरवर्षी मागे पडते आणि ज्या नात्यावर आपला खरा आधार आहे त्यालाच आतून कीड लागते. बोनस हाती येताच 50,000 रुपये तिच्या खात्यावर ‘उसनी रक्कम परत’ अशा नोंदीसह पाठवावेत. 20,000 किंवा अधिक रकमेचे कर्ज रोखीने फेडणे आयकर कायद्याला चालत नाही. दोघींच्या सहीची साधी चिठ्ठीही करून ठेवावी, कारण नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात 50,000 रुपयांपेक्षा जास्त भेट मिळाली तर ती सगळी रक्कम करपात्र ठरते, आणि शस्त्रक्रियेसाठी मिळालेले 80,000 रुपये ही भेट नव्हे, कर्ज होते, हे कागदावर असलेले बरे. सख्ख्या भावाकडून आलेल्या पैशांना ही मर्यादा नाही. (चुलतभाऊ मात्र या व्याख्येत नातेवाईक नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.)

याच ठिकाणी मला आपली काळजी वाटते. रुग्णालयात रात्र काढणारी मैत्रीण वारसा कायद्याच्या दृष्टीने परकी आहे. बँकेच्या ठेवीवर आपण तिचे नामनिर्देशन करू शकता, परंतु नामनिर्देशनाने रक्कम हाती येते, मालकी मिळत नाही. तिच्यासाठी काही ठेवायची इच्छा असेल तर मृत्युपत्र करावे. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ते होते, नोंदणी सक्तीची नाही, आणि साक्षीदार लाभार्थ्यांबाहेरचे असावेत.

राहता राहिले सण. शनिवार-रविवारला दोन रजा जोडून गणपतीला जावे, आईला भेटावे आणि 6,000 रुपये पगारातून द्यावेत. ‘एकटीच आलीस?’ हा प्रश्न तेथे दरवर्षी ऐकावा लागतो असे आपण लिहिले आहे, म्हणूनच विसर्जनापर्यंत राहण्याचे बंधन स्वतःवर घालू नये. उरलेल्या दोन रजा आणि कर्ज फेडून बोनसमध्ये राहणाऱ्या 20,000 पैकी 12,000 रुपये दिवाळीसाठी ठेवावेत. बाकीच्या 8,000 रुपयांतून छपराचा पहिला हप्ता जाऊ शकेल. भावाला हे सगळे फोनवर न सांगता गावी समोर बसून, शक्यतो आईच्या देखत सांगावे आणि हप्त्यांच्या तारखाही तेव्हाच ठरवाव्यात.