दहावीनंतर अकरावी-बारावीत मेटलवर्क शिकायचं तर नुसतं वेल्डिंगच शिकवतात का?

नाही भाऊ, वेल्डिंग खूप नंतर येतं. मी बारावीपर्यंत सायन्ससोबत मेकॅनिकल मेंटेनन्स हा बायफोकल, म्हणजे व्यावसायिक विषय घेतला होता, 200 मार्कांचा, आणि सुरुवातीला बरेच दिवस फक्त एमएसचा (साध्या मऊ पोलादाचा) तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंजात धरून कानस मारली. हात दुखतात, पण त्यातूनच कळतं की कानस पुढे ढकलतानाच कापते, मागे आणताना दाब सोडायचा, नाहीतर दाते बोथट होतात. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरायचं, फटीतून उजेड दिसला की परत घास.

डिझाइनचं म्हणशील तर गरज आधी बघ. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडे केळीचे घड वाहायला हातगाडी लागते, तीच प्रोजेक्टला घे. घड किती लांब, चाक चिखलात रुतेल का, हँडल कुठल्या उंचीवर, हे मोजून मग कागदावर काढायचं. कापताना हॅकसॉचं (लोखंड कापायच्या करवतीचं) ब्लेड स्वतःच एक-दीड मिमी खातं ते धरायचं. आणि फ्रेम जोडताना एकदम पूर्ण वेल्ड मारू नको, चारही कोपऱ्यांना आधी टॅक, म्हणजे वेल्डचा छोटा ठिपका मार, दोन्ही कर्ण टेपने मोज, सारखे आले की मगच पुढे, कारण वेल्ड थंड होताना आकसतं आणि फ्रेम ओढली जाते. आमची पहिली अशीच वाकडी झाली होती, पूर्ण कापावी लागली.

फक्त हातकामच हवं असेल तर सरळ आयटीआय, फिटर 2 वर्षं, वेल्डर 1 वर्ष. चष्म्याशिवाय ग्राइंडरजवळ जाऊ नको मात्र.