घरी पहिल्यांदाच बाईकचं मागचं स्प्रॉकेट बदलायचं आहे, कसं करू?

नुसतं मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदलू नका. झिजलेली चेन नव्या स्प्रॉकेटचे दात काही महिन्यांत खाते. पूर्ण किट घ्या: पुढचं-मागचं दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन (गॅरेजवाले 'चेन-सॉकेट' म्हणतात). जुन्याचे दात मोजून तेवढेच दात घ्या.

नवशिके हमखास अडकतात ते स्प्रॉकेटच्या नटांपाशी. चाक काढल्यावर ते हातात फिरत राहतं, नट सुटत नाहीत. म्हणून चेनकव्हर काढून, चाक गाडीवर असतानाच कुणाला तरी मागचा ब्रेक दाबायला सांगा आणि नट थोडे ढिले करा. लॉक वॉशर असेल तर त्याची दुमडलेली पाकळी आधी छिन्नीने सरळ करा.

मग गाडी मेन स्टँडवर घेऊन चेनलिंक (चेनची क्लिपवाली जोडकडी) उघडा, ड्रम ब्रेकचा रॉड आणि टॉर्क आर्म (ब्रेक प्लेटला फिरू न देणारी पट्टी) सोडवा, अ‍ॅक्सल (चाकाचा आस) ओढा. स्पेसर (आसावरची छोटी नळी) कोणत्या बाजूला होता त्याचा फोटो काढून ठेवा. हबमधले रबर चेपले असतील तर आत्ताच बदला, स्वस्त असतात. नवं स्प्रॉकेट बसवताना नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा, टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलप्रमाणे.

चेनलिंकच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं, उलट बसली तर निसटू शकते. चेनची ढील साधारण 20 ते 30 मिमी, पण तुमच्या गाडीचा आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये बघा. चेन ताणणाऱ्या दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा. टॉर्क आर्मची स्प्लिट पिन नवी घाला. 100 किमीनंतर नट आणि ढील पुन्हा तपासा.