वरणभाताच्या घरात भाताचा कुकर

गेल्या दोन महिन्यांत विजेवरच्या भाताच्या कुकरबद्दल बरेच प्रश्न आले. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही घरात चौघं. रोज सकाळी प्रेशर कुकरमध्ये खाली डाळीचा डबा, वर तांदळाचा डबा लावते. मुलगी म्हणते, भाताचा वेगळा कुकर घे. खरंच उपयोग होईल का, की कपाटावर पडून राहील?
– एक वाचक, मानेवाडा

तुमच्याकडे डाळ-तांदूळ रोज एकत्रच लागत असतील तर घेऊ नका. प्रेशर कुकरची जागा हा कुकर घेऊ शकत नाही, कारण यात वाफ कोंडली जात नाही. प्रेशर कुकरमध्ये तापमान साधारण 120 अंशांपर्यंत चढतं, म्हणून तुरीची डाळ तीन-चार शिट्ट्यांत गळते. विजेच्या साध्या कुकरमध्ये पाणी 100 अंशांच्या वर जात नाही. डाळ तासभर ठेवली तरी नीट मोडत नाही, आणि फेस झाकणाच्या भोकातून बाहेर येऊन ओटा भरतो तो वेगळाच. म्हणजे वरणासाठी प्रेशर कुकर लावायचाच आहे, आणि तो लावलाच तर वरच्या डब्यातला भात जवळजवळ फुकट होतो.

हे यंत्र मुळात जिथे भात एकटा शिजतो अशा घरांसाठी बनलं. आपोआप बंद होणारा कुकर जपानमध्ये तोशिबाने 1955 साली बाजारात आणला. तिथल्या जेवणात भाताबरोबर डाळ शिजवायची नसते. आपल्याकडेही ज्या घरात भात वेगळा लागतो तिथे त्याची किंमत वसूल होते. वरण सकाळीच होऊन गेलेलं असतं आणि रात्री फक्त गरम भात हवा असतो. पाहुणे आले की दोन्ही शेगड्या पोळ्या आणि भाजीत अडकतात. घरात एकटे राहणारे आजी-आजोबा असतात, ज्यांना गॅस बंद केला की नाही हे आठवत नाही. या शेवटच्या कारणासाठी आम्ही हा कुकर बिनदिक्कत घ्यायला सांगू, कारण तो स्वतःहून थांबतो.

तो थांबतो कसा, हे समजलं की पुढचे अर्धे प्रश्न सुटतात. तापणाऱ्या चकतीच्या मधोमध स्प्रिंगवर उभी असलेली एक गोल टोपी असते. तिच्या आत चुंबक असतं. भांडं ठेवून खटका खाली दाबला की चुंबक चिकटतं आणि चकती तापू लागते. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तळ 100 अंशांच्या आसपासच राहतो. तांदळाने पाणी पिऊन घेतलं, उरलेलं वाफ होऊन गेलं, की तळ तापू लागतो. साधारण 103 अंशांना आतल्या धातूची ओढ संपते, चुंबक सुटतं आणि खटका वर पडतो. म्हणजे या कुकरला वेळ कळत नाही, पाणी संपलेलं कळतं. भात कसा होणार हे तुम्ही घातलेल्या पाण्यावरच ठरतं.

प्रश्न : गोंदियाहून शिकायला आलोय, नंदनवनला खोली केली आहे. एकट्यासाठी किती लिटरचा घ्यावा? खोलीतल्या साध्या प्लगवर चालेल का?
– एक विद्यार्थी

लहान घ्या. खोक्यावरच्या लिटरवर मात्र विसंबू नका. काही कंपन्या अख्ख्या भांड्याचं माप लिहितात, काही त्यात मावणाऱ्या कच्च्या तांदळाचं. त्यामुळे दोन कुकरांवर 1.8 लिटर लिहिलेलं असूनही एक दुसऱ्याच्या दुप्पट निघू शकतो. खोक्यावर कच्चे तांदूळ किती ग्रॅम किंवा किती कप ते शोधा. सोबत येणारा प्लास्टिकचा कप बहुधा 180 मिलीचा असतो आणि त्यात सुमारे 150 ग्रॅम तांदूळ मावतात. एकट्याला एका जेवणाला अर्धा ते पाऊण कप पुरतो, म्हणून तीन-चार कपांचा कुकर तुम्हाला भरपूर आहे. मोठ्या कुकरमध्ये मूठभर तांदूळ टाकले की तळावर पातळ थर बसतो, पाणी पटकन उडतं आणि भात शिजायच्या आत खटका पडतो.

लहान कुकर 300 ते 400 वॅटचा असतो, घरगुती मोठा 700 वॅटचा. 700 वॅटला सुमारे 3 अँपिअर लागतात, म्हणून साधा तीन पिनांचा 6 अँपिअरचा सॉकेट चालतो. अर्थिंग असलं पाहिजे. ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर इस्त्री किंवा पाणी तापवायचा रॉड लागतो, त्यावर हा लावू नका.

भाताबरोबर डाळही हवी असेल तर तुरीऐवजी मुगाची डाळ घ्या. अर्धा तास भिजवून, तांदळाबरोबर एक चमचा तेल घालून पातळसर खिचडी केली तर ती या कुकरमध्ये उत्तम होते. एक भाग डाळ-तांदळाला तीन ते साडेतीन भाग पाणी, आणि भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही.

प्रश्न : भात खाली करपतो आणि वर टणक राहतो. कधी पाणी उतू जातं. तांदूळ एचएमटी. माप पुस्तिकेप्रमाणेच घेतो.
– एक वाचक, धरमपेठ

पुस्तिकेतलं माप बहुतेक वेळा दुसऱ्याच तांदळासाठी असतं. एचएमटी हे आपल्याच भागातलं वाण. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी ते आपल्या शेतात निवडून काढलं. दाणा बारीक, आणि जुना असेल तर भात छान सुटा होतो. जुन्या एचएमटीला एक वाटीला दोन वाट्या पाणी. दिवाळीनंतर येणारा नवा तांदूळ असेल तर दीड. भंडाऱ्याकडचा चिन्नोर मऊच खातात, पण नवा असेल तर त्यालाही दीडच्या वर जाऊ नका, गिचका होईल. तांदूळ वीस मिनिटं भिजवले तर वाटीमागे पाव वाटी पाणी कमी.

आता यातली खोच. तांदूळ किती पाणी पितो हे तांदळाच्या मापाने वाढतं, पण वाफ होऊन जाणारं पाणी त्या हिशेबाने वाढत नाही. म्हणून एका वाटीला दोन वाट्या बरोबर असल्या तरी चार वाट्यांना आठ जास्त होतात. तिथे सात पुरतात. पाहुण्यांच्या दिवशी भात चिकट होतो त्याचं कारण बहुतेकदा हेच.

करपणं आणि उतू जाणं, दोन्हींच्या मुळाशी तांदळाची पिठी असते. तीन पाण्यांनी धुवा, तिसरं पाणी अगदी नितळ नसलं तरी दुधाळ नको. उतू जात असेल तर अर्धा चमचा तेल घाला आणि आतल्या वरच्या रेषेच्या पुढे भरू नका. वर टणक राहत असेल तर खटका पडल्यावर लगेच झाकण काढता का ते पाहा. खटका पडला म्हणजे भात झाला असं नाही. झाकण न उघडता दहा मिनिटं तसंच राहू द्या. या वेळात वाफ दाण्यांत सारखी मुरते आणि तळ सुटतो. मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या सराट्याने भात खालून वर हलवा.

एवढं करूनही एकाच बाजूला करपत असेल तर भांड्याचा तळ उलटा करून पाहा. तिथे पाण्याचा थेंब, तांदळाचा दाणा किंवा पोचा असणार. भांडं बाहेरून कोरडं पुसून ठेवायचं आणि ठेवल्यावर दोन्ही बाजूंना थोडं फिरवून बसवायचं. नॉनस्टिक भांड्यात तांदूळ धुऊ नका, थर लवकर जातो. ते गंजात म्हणजे पातेल्यात धुऊन मग टाका.

प्रश्न : मसालेभात आणि गोळाभात यात होतो का?
– एक वाचक, महाल

मसालेभात होतो, पण फोडणी कुकरमध्ये करू नका. तेल 103 अंशांच्या पुढे क्षणात जातं आणि कांदा परतायच्या आधीच खटका उडतो. फोडणी कढईत करा, तांदूळ त्यातच दोन मिनिटं परता, मग सगळं कुकरमध्ये घालून गरम पाणी ओता. वांगी-तोंडली असतील तर पाणी पाव वाटीने कमी, कारण भाजीलाही पाणी सुटतं.

गोळाभातासाठी जाळीची ताटली असलेला कुकर हवा. दोन वाट्या तांदळाला एक वाटी चण्याची डाळ चार तास भिजवा, पूर्ण निथळा आणि पाणी न घालता भरड वाटा. तिखट, हळद, हिंग, मीठ, आलं-मिरची आणि मोठा चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन घालून लिंबाएवढे गोळे करा. डाळ ओली राहिली तर गोळे फुटतात. मोहन कमी पडलं किंवा फार बारीक वाटलं तर दगड होतात. भाताला उकळी आली की ताटलीला तेल लावून गोळे तीवर ठेवा आणि खटका पडेपर्यंत वाफवा. खटका पडल्यावर ते भातात दडपून झाकण लावा आणि मुरायला दहाऐवजी पंधरा मिनिटं द्या. पहिल्यापासून गोळे पाण्यात टाकले तर उकळीत विरघळतात. वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीचं तेल ओतायला कंजूषी करू नये.

प्रश्न : गॅसपेक्षा स्वस्त पडतो का?
– एक वाचक, जरीपटका

बहुतेक घरांत नाही. दोन वाट्या तांदळाला साधारण पाव युनिट वीज लागते. तेवढाच भात प्रेशर कुकरमध्ये करायला 25 ते 30 ग्रॅम गॅस. सिलिंडरच्या किमतीला 14.2 ने भागलं की किलोचा भाव मिळतो. महावितरणच्या बिलाच्या एकूण रकमेला युनिटने भागलं की विजेचा खरा दर, वहन आकारासकट. महिन्याला 100 युनिटांच्या वर जाणाऱ्या घरात फरक गॅसच्या बाजूनेच झुकतो. छतावर सौर पॅनेल असतील आणि भात दुपारी लागत असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : भात गरम ठेवायची सोय किती वेळ वापरावी? टायमरचा कुकर घ्यावा का? आणि उन्हाळ्यात मधेच वीज गेली तर?
– एक वाचक, हुडकेश्वर

दोन तास. त्यानंतर तळ वाळतो आणि भाताला वास येऊ लागतो. उरलेला भात पसरट ताटात काढून तासाभरात फ्रिजमध्ये टाका. भातातले काही जिवाणू बीजरूपाने उकळीतूनही वाचतात आणि कोमट भातात भराभर वाढतात. मे महिन्यात नागपूरचं स्वयंपाकघर त्यांना फारच मानवतं. कुकर बंद करून भात रात्रभर आतच ठेवणं सगळ्यांत वाईट. सकाळी फोडणी देऊनही तो भात सुरक्षित होत नाही, कारण जिवाणूंनी सोडलेलं विष परतण्याने जात नाही. टायमरवर रात्रभर भिजत ठेवलेले तांदूळही उन्हाळ्यात आंबतात, त्यामुळे त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

खटक्याच्या साध्या कुकरमध्ये वीज परत आली की शिजणं पुढे चालू होतं. दहा मिनिटांत आली तर भात थोडा मऊ होईल इतकंच. जास्त वेळ गेला तर भांडं काढून गॅसवर ठेवू नका, पातळ ॲल्युमिनियमचा तळ वाकतो आणि मग तो चकतीवर कधीच नीट बसत नाही. भात दुसऱ्या गंजात काढून मंद आचेवर पूर्ण करा.

प्रश्न : खटका दाबला की लगेच वर येतो. भावाच्या कुकरचा तर दिवाच लागत नाही. दुरुस्ती परवडते का?
– एक वाचक, वर्धमाननगर

पाठोपाठ दुसरा घाणा लावत असाल तर हा बिघाड नाही. चकती गरम असल्याने चुंबक चिकटत नाही. पंधरा मिनिटं थांबा. गार असतानाही होत असेल तर मधली टोपी बोटाने दाबून पाहा. ती सहज खाली-वर झाली पाहिजे. कडेला वाळलेली पेज अडकली असेल तर प्लग काढून, ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. चकतीवर पाणी ओतायचं नाही.

दिवाच लागत नसेल तर आधी सॉकेट दुसऱ्या उपकरणाने तपासा, मग वायरचं कुकरकडचं टोक. दोन्ही ठीक असतील तर बहुधा आतला थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा तुकडा, उडालेला असतो. तो स्वस्तात बदलून मिळतो. त्याच तापमानाचा आणि तेवढ्याच अँपिअरचा घालायला सांगा. काही कारागीर फ्यूज काढून तिथे सरळ वायर जोडून देतात आणि कुकर चालूही होतो. तसं करू देऊ नका. खटका अडकला तर चकतीला थांबवणारं दुसरं काहीच आत उरत नाही. फ्यूज बदलूनही महिनाभरात पुन्हा उडाला, तर चुंबकाची टोपी बहुधा वेळेवर सुटत नाही. ती फ्यूजबरोबरच बदलून घ्या.