प्रभू पुरवील, मग मी लोकांकडे मागावे का?

प्रश्न : सप्रेम जय ख्रिस्त. मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका पतसंस्थेत नोकरी करते आणि आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत नऊ वर्षांपासून शिकवते. येत्या एप्रिलमध्ये आमच्या मंडळीतील सात जणांचा गट केनियातील किसुमू शहराजवळच्या एका मंडळीत मुलांचे बायबल वर्ग घेण्यासाठी तीन आठवडे जाणार आहे. माझ्या वाट्याचा खर्च १,४०,००० रुपये आहे. त्यापैकी ५२,००० रुपये मी साठवले आहेत आणि हाताशी अकरा आठवडे उरले आहेत. माझ्या प्रार्थनागटातील एक ताई म्हणतात की, माणसांपुढे हात पसरणे हा अविश्वास आहे. पप्पा म्हणतात की, नुसत्या प्रार्थनेने तिकीट मिळत नाही, आईच्या पाटल्या गहाण ठेव. मी कोणाचे ऐकावे? आणि पैसे जमलेच नाहीत, तर प्रभूची इच्छा नव्हती असे समजावे का?

उत्तर : प्रिय भगिनी, सप्रेम जय ख्रिस्त. तुमच्या ताईंच्या आणि पप्पांच्या बोलण्यात एक समान गृहीतक दडलेले आहे, ते असे की देवाने द्यायचे म्हणजे माणसांचा त्याच्याशी काही संबंध असता कामा नये. ताई म्हणूनच माणसांना वगळू पाहतात आणि पप्पा म्हणूनच प्रार्थनेला बाजूला ठेवतात. पवित्र शास्त्र मात्र या दोन गोष्टी अशा वेगळ्या करीत नाही.

एज्राच्या पुस्तकाचा आठवा अध्याय आणि नहेम्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय एकामागून एक वाचून पाहा. दोघेही पारसाच्या राज्यातून यरुशलेमेला निघाले होते आणि दोघांचाही राजा अर्तहशश्त हाच होता. एज्राला राजाकडे सैनिक व घोडेस्वार मागण्याची लाज वाटली, कारण आमचा देव आमचे रक्षण करतो असे त्याने राजाला आधीच सांगितले होते; म्हणून अहवा नदीपाशी त्याने सर्वांसह उपवास केला आणि संरक्षणाशिवाय वाट धरली. नहेम्याने किसलेव महिन्यापासून नीसान महिन्यापर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, प्रार्थना केली आणि मग त्याच राजाकडे सुट्टी, अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे आणि राजाच्या वनातील लाकूड स्पष्ट शब्दांत मागून घेतले. शिवाय राजाने त्याच्याबरोबर घोडेस्वारही दिले. एकाने मागितले नाही, दुसऱ्याने मागितले, आणि तरीही आपल्यावर देवाचा वरदहस्त होता असेच दोघेही लिहून ठेवतात. म्हणून मागणे म्हणजे अविश्वास, हा नियम कोणी तुमच्यावर लादू नये. ताईंना स्वतःसाठी न मागण्याची प्रेरणा असेल, तर ती त्यांनी आदराने जपावी, पण ती सर्वांसाठी आज्ञा होत नाही.

एज्राच्या त्याच अध्यायातील पुढचा भाग आपल्याकडे प्रवचनांत क्वचितच येतो, पण तुम्ही पतसंस्थेत काम करता म्हणून तो तुम्हाला विशेष जवळचा वाटेल. ज्या एज्राने पहारेकरी मागितले नाहीत, त्यानेच निघण्यापूर्वी मंदिरासाठी आलेले सोने, चांदी आणि पात्रे याजकांच्या हाती तोलून दिली, आणि यरुशलेमेला पोहोचल्यावर चौथ्या दिवशी ती पुन्हा मोजून, तोलून, वजन लिहून ठेवले. मागण्याविषयी इतका संकोच बाळगणारा हा मनुष्य हिशेबात जराही ढिलाई करीत नाही.

ताईंच्या बाजूने बोलणारे लोक बहुधा इंग्लंडमधील ब्रिस्टॉलला अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचे उदाहरण देतात, आणि ते उदाहरण खरोखर मोठे आहे. त्यांनी अनाथ मुलांसाठी कोणाकडेही पैसे मागितले नाहीत. परंतु आलेल्या देणग्यांचा हिशेब ते अहवालात छापत असत, आणि १८४१ च्या अखेरीस निधी अगदी तळाला गेला असताना त्यांनी सभा आणि अहवाल मुद्दाम पुढे ढकलला, कारण त्या वेळी सभा घेतली असती तर आपण आडून मागत आहोत असे लोकांना वाटले असते. न मागण्याचा निश्चय इतक्या काटेकोरपणे पाळावा लागतो. मला खरी काळजी वाटते ती तोंडाने मागत नाही असे म्हणायचे, आणि मंडळीतील सधन वडीलधारे बसलेले पाहून प्रार्थनेत रुपयांचा आकडा मोठ्याने उच्चारायचा, या सवयीची. त्यापेक्षा सरळ पत्र लिहून मागणे कितीतरी प्रामाणिक आहे.

आपल्याच मातीतील पंडिता रमाबाईंनी म्युलर आणि चीनमध्ये सेवा केलेले मिशनरी हडसन टेलर यांची चरित्रे वाचली, आणि असा विश्वास हिंदुस्थानात का ठेवता येऊ नये हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. त्याआधी याच रमाबाईंनी अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देऊन विधवांच्या शाळेसाठी मदत मागितली होती, आणि १८८७ मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले होते. ती मुदत संपल्यावर काय, याचा विचार करून त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या आणि फळझाडे लावली. प्रार्थना आणि फळबाग ही दोन्ही त्यांच्या जीवनात एकाच वेळी होती.

आता ‘माझा देव तुमची सर्व गरज पुरवील’ या वचनाविषयी, कारण तुमच्या गटाच्या पत्रकावर बहुधा तेच छापले असेल. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात हे वचन कोणाला उद्देशून आहे, ते जरूर पाहा. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती देणगी पाठवली होती, ती पूर्ण पावली असे पौल तिथे लिहितो. एका अर्थाने ती पावतीच आहे. आणि देव तुमची गरज पुरवील हे अभिवचन तो त्या देणाऱ्या मंडळीला देतो. म्हणजे सेवकाची गरज मंडळीच्या हातून भागते आणि मंडळीची गरज देव भागवतो, असा तो ओघ आहे. तुम्ही कोणालाच काही कळवले नाही, तर या ओघात सामील होण्याची संधीच तुम्ही मंडळीला देत नाही.

तरुणपणी आम्ही पाच जण सातपुड्यात अक्कलकुव्याच्या बाजूला मुलांचे वर्ग घेण्यासाठी निघालो होतो, तेव्हा मंडळीतील एका वृद्ध मावशींनी पदराच्या गाठीतून चौपदरी घडी घातलेली पाच रुपयांची नोट काढून माझ्या हातावर ठेवली. ती घेताना मला अपराधी वाटले, कारण त्यांच्या घरची परिस्थिती मला माहीत होती. परत आल्यावर दाराशी मला थांबवून त्यांचा पहिला प्रश्न होता, “पोरं गाणी शिकली का रे?” त्या पाच रुपयांनी त्या स्वतः तिथे जाऊन आल्या होत्या. मिझोरामच्या मंडळ्यांत स्त्रिया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात, त्याला त्या बुहफाई थाम म्हणतात, आणि शंभराहून अधिक वर्षे त्या मुठींवर सुवार्तिक पाठवले जात आहेत. आपल्याकडेही मुष्टिफंड हा शब्द जुन्या लोकांना ठाऊक आहे. देणाऱ्याची ऐपत ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढे मी त्या मावशींकडून शिकलो.

म्हणून पाळकसाहेबांच्या संमतीने एक पानाचे पत्र लिहा. कुठे जाणार, काय करणार, एकूण खर्च किती, स्वतःचे किती घातले आणि किती कमी पडतात, हे त्यात आकड्यांसह असावे. प्रथम प्रार्थनेची विनंती करा, मग मदतीची, आणि देणे ज्याच्या त्याच्या मनावर सोडा. पैसे स्वतःच्या खात्यात न घेता मंडळीच्या खजिनदारांकडे पावतीने जमा होऊ द्या. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौलानेही वर्गणीच्या बाबतीत कोणी दोष लावू नये म्हणून अशीच काळजी घेतलेली आहे.

पाटल्या मात्र गहाण ठेवू नका. तीन आठवड्यांच्या सेवेसाठी आईने वर्षभर व्याज भरावे, हे मला योग्य वाटत नाही. पप्पांचा रोखठोकपणा दुसऱ्या कामी लावा: खर्चाचा तक्ता त्यांच्याबरोबर बसून तपासा, कारण विमानभाड्यात आणि निवासात कुठे बचत होते ते त्यांना लगेच दिसेल.

पैसे जमले नाहीत तर काय, याचे उत्तर मी घाईने देणार नाही. रक्कम अपुरी पडणे हा दरवेळी देवाचा नकार नसतो आणि रक्कम भरणे हा दरवेळी त्याचा होकार नसतो. पौलाला रोमला जायची फार ओढ होती, पण तो अनेकदा अडला आणि पुष्कळ वर्षांनी, तेही कैदी म्हणून, तिथे पोहोचला. तिकिटे काढण्याच्या तीन आठवडे आधीची एक तारीख पाळकसाहेबांबरोबर ठरवा. त्या दिवशी रक्कम अपुरी असेल तर दुःख वाटेल, ते लपवू नका. ज्यांनी पैसे दिले त्यांना विचारून ते परत करा किंवा गटातील दुसऱ्याच्या खर्चाला लावा.

एक काम मात्र त्या तारखेसाठी थांबवू नका. केनियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला नसेल, तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. केंद्रात आधी नाव नोंदवा, पासपोर्ट बरोबर न्या. या एप्रिलमध्ये जाणे झाले नाही तरी तो दाखला आयुष्यभर चालतो.