कॅनडाच्या थंडीत सुतारकामासाठी घराबाहेर तात्पुरती शेड कशी उभारावी? हीटर कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की मागच्या वर्षी माँट्रियलच्या बाजूला राहायला आलात, घराला गॅरेज नाही, ड्राइव्हवे आहे, आणि नोव्हेंबर ते एप्रिल हातांना गप्प बसवत नाही. मी माँट्रियलला लागूनच लवालमध्ये राहतो आणि गेले चार हिवाळे ड्राइव्हवेवरच काम करतोय, बहिणीसाठीचा देव्हारा तिथेच झाला, त्यामुळे जे अनुभवलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, शेड शून्यातून बनवू नका. इथे क्वेबेकमध्ये गाडीसाठी जो पांढरा तंबू लावतात ना, ज्याला सगळे टेंपो म्हणतात (आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला मालाचा टेंपोच घेतला असं वाटलं), तो सेकंडहँड घ्या. लोखंडी गॅल्वनाइज्ड पाइपचा सांगाडा आणि वर विणलेल्या प्लास्टिकचं कापड. माझा 11 बाय 16 फुटांचा आहे. पहिल्या वर्षी मी पीव्हीसी पाइप वाकवून त्यावर ताडपत्री टाकली होती, स्वस्तात झालं म्हणून खूष होतो, पण पीव्हीसी थंडीत ठिसूळ होतं, जानेवारीत एका रात्रीत दोन कमानी तडकल्या.

टेंपोचं अजून एक बरं आहे की नगरपालिकांना तो माहीत आहे. बहुतेक गावांत साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत लावायला परवानगी असते, पण तारखा आणि रस्त्यापासून किती आत लावायचा हे गावागावात वेगळं, काही ठिकाणी चालतच नाही. नियम गाडीच्या तंबूसाठी असतो, तुम्ही त्यात करवत चालवणार आहात, तेव्हा आधी फोन करून विचारा, आणि घर भाड्याचं असेल तर मालकाला पण.

आता उभारणी. आमच्या काकांचा कराडला मांडवाचा धंदा होता, सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. काका मेढी उभ्या झाल्या की कापडाला हात लावायच्या आधी चारी बाजूंनी ताण देऊन घ्यायचे, मग सांगाडा धरून हलवून बघायचे, हलला की परत पहिल्यापासून. इथे पण तेच करायचं. सोबत आलेल्या पाइपांवर थांबू नका, दोन्ही लांब बाजूंना कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपे पट्टे घाला, ट्रकवर सामान बांधायचे रॅचेटवाले पट्टे मस्त चालतात. वारा म्हणजे काय ते आकड्यात सांगतो, ताशी 60 किमी वाऱ्याचा सपाट भिंतीवर चौरस मीटरला साधारण 17 किलोचा दाब येतो, माझ्या टेंपोची लांब बाजू 12 चौरस मीटर आहे म्हणजे एका बाजूला 200 किलो ढकलतायत असं धरा, आणि वाऱ्याचा वेग दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो. म्हणून लोखंडी सळया जमीन गोठायच्या आत, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच, ड्राइव्हवेच्या कडेच्या मातीत ठोकून ठेवा. डिसेंबरात घण मारला तर सळई वाकेल, आत जाणार नाही. आणि ठोकण्याआधी इन्फो-एक्स्कव्हेशनला विचारा, खाली गॅसची किंवा विजेची लाइन कुठून जाते ते फुकट सांगतात. डांबरावर जे पाय येतात तिथे वाळूच्या गोण्या नाहीतर काँक्रीटचे ब्लॉक. पाण्याचे कॅन वजन म्हणून ठेवू नका, पाणी गोठताना जवळपास 9 टक्के फुगतं आणि कॅन फुटतो.

बर्फाचं वजन नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. भुसभुशीत कोरडा 20 सेंमी पडला तर चौरस मीटरला 15-20 किलो, ठीक आहे. पण तोच ओला असला तर 50 च्या वर जातो, आणि माझ्या टेंपोचं छत 16 चौरस मीटर झाकतं, म्हणजे डोक्यावर 800 किलो! त्यात इथे व्हेर्ग्ला होतो, म्हणजे पाऊस पडता पडता जिथे लागेल तिथे गोठतो, 1998 च्या जानेवारीत तर त्याने विजेचे मोठाले टॉवर आडवे केले होते. बर्फ पडत असतानाच दर काही तासांनी आतून मऊ झाडूने कापड वर ढकलायचं म्हणजे तो घसरून जातो. एकदा साचून जड झाला की मात्र आत जायचं नाही, बाहेर उभं राहून ओढायचा. फावडं वापरलंत तर कापड फाटेल.

आता हीटर, ज्यासाठी तुम्ही मुळात प्रश्न विचारलाय. मी हात जोडून सांगतो, प्रोपेनचा किंवा रॉकेलचा उघडा हीटर आत लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं तेव्हा माणसाला वाटतं थंडीने झालं असेल. अलार्म लावीन म्हणाल, तर बरेच घरगुती अलार्म 4-5 अंशांच्या खाली नीट चालतील याची हमीच नसते, पाकिटावर वाचून बघा. आणि जीव वाचला तरी काम बिघडतं, कारण 1 किलो प्रोपेन जळलं की 1.6 किलोच्या आसपास पाण्याची वाफ होते, ती थंड कापडाला लागून थेंब होऊन तुमच्या लाकडावर आणि रंध्यावर पडते. दुसऱ्या दिवशी करवतीच्या टेबलावर गंज.

मी विजेचा 1500 वॅटचा इन्फ्रारेड हीटर वापरतो, आणि तो शेड गरम करायला नाही, मला गरम करायला. पातळ कापडाच्या तंबूत हवा तापवणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं. टेंपोचं काम वारा आणि बर्फ अडवणं एवढंच समजा, बाहेर उणे 10 असेल तर आत पण तेवढंच धरून चाला, पण वारा नसला आणि अंगावर थेट ऊब येत असली की चांगले अंगभर कपडे घालून दीड-दोन तास मजेत काम होतं. हीटर कापडापासून आणि भुशापासून चांगला लांब ठेवा, करवत चालू असताना बंद ठेवा, तिथून निघालात की बंद करा. वीज 120 व्होल्ट, म्हणजे हा एकटाच साडेबारा अँपिअर खातो, तो बंद करायचा विसरून त्याच लाइनवर करवत लावली की ब्रेकर पडणार, तेव्हा दोघांना वेगळ्या लाइन द्या. बाहेरचा प्लग जीएफसीआयवालाच हवा (करंट गळला की स्वतःच वीज तोडतो तो) आणि वायर जाड, 12 गेजची.

थंडी सगळ्यात जास्त पायातून चढते. खाली जुनी लाकडी पॅलेट्स, त्यावर 2 इंच कडक फोम, त्यावर प्लायवूड. एवढं केल्यावर मला जो फरक पडला तो हीटरने पण पडला नव्हता. दिवे एलईडीचे भरपूर लावा, डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो.

आणि गोंद. देव्हाऱ्याच्या पहिल्या चौकटीचे सांधे मी आत 3 अंश असताना चिकटवले, हीटर समोर ठेवून, वाटलं चालेल. क्लॅम्प काढले तर कडेचा गोंद खडूसारखा पांढरा, आणि हाताने जोर दिल्यावर सांधा सुटला. सुतारकामाच्या पिवळ्या गोंदाला कमीत कमी 8 ते 13 अंश लागतात, बाटलीवर लिहिलेलं असतं, आणि ते नुसत्या हवेचं नाही, लाकूड स्वतः तेवढं गरम पाहिजे. तेव्हापासून मी कापणं, रंधा मारणं, भोकं पाडणं टेंपोत करतो आणि जोडणी घरात, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर टाकून. पॉलिश पण घरातच, पाण्यावरचं असेल ते, खिडकी थोडी उघडून.

यात एक मेख आहे. बाहेर ठेवलेलं लाकूड हवेतला ओलावा धरून असतं, आणि हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा एकदम कोरडी, त्यामुळे आत आणलं की लाकूड आकसतं. फळ्या घरात दोन-तीन आठवडे ठेवा, मग शेवटचं माप घ्या. देव्हाऱ्याच्या दारांच्या फळ्या मी चौकटीत चिकटवल्याच नाहीत, खाचेत मोकळ्या सोडल्या, उन्हाळ्यात फुगतात, हिवाळ्यात आकसतात, दार तसंच सरळ आहे.

ड्रिलच्या बॅटऱ्या घरात ठेवा, शून्याच्या खाली लिथियमची बॅटरी चार्ज केली की कायमची खराब होते. पटाशा, रंधे डब्यात घालून घरात न्या आणि डबा लगेच उघडू नका, दोन तास तसाच राहू द्या, नाहीतर थंड लोखंडावर दव धरतं.

एप्रिलमध्ये उतरवताना कापड पूर्ण वाळवून घडी घाला, ओलं ठेवलं तर बुरशी धरतं. पाइपांना उभारतानाच रंगीत टेपने खुणा करून ठेवा, पुढच्या ऑक्टोबरला कुठला कुठे जातो हे शोधण्यातच रविवार जातो. तुमचा ड्राइव्हवे किती रुंद आहे आणि गाव कुठलं ते कळवलंत तर कुठल्या मापाचा बघायचा ते सांगतो, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सेकंडहँड चांगले मिळतात.