खोडकर सुनेनं गप्प बसायला शिकावं का?

सांगलीहून एका नव्या सुनेचं पत्र आलंय. लग्नाला वर्षही झालेलं नाही, माहेरी लहानपणापासून नकला, खोड्या, येणाऱ्याजाणाऱ्याला टोपणनावं हेच चालायचं, नवऱ्यालाही तिच्यातलं तेच आवडलं होतं. मागच्या महिन्यात घरच्या बारशाला तिने चुलत सासऱ्यांच्या चालण्याची नक्कल केली, सगळे खो खो हसले, दिराने व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून काका घरी फिरकलेले नाहीत. सासूबाई म्हणतात पोरकटपणा पुरे, नवरा म्हणतो जरा मॅच्युअर हो. ती विचारतेय, मी स्वभावच बदलू का?

अगं नको, अजिबात नको. तूच लिहिलंयस ना, नवऱ्याच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलंस तेव्हा सासूबाई तोंडाला पदर लावून गॅसकडे वळल्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मग त्या घराला तुझा वात्रटपणा नकोय असं कसं म्हणायचं? उलट तू गेले तीन आठवडे "हो", "नाही", "जेवण वाढू का" एवढंच बोलतेयस हे वाचून मला जास्त काळजी वाटली, कारण हसरं माणूस असं मिटून बसलं की घरातल्यांना तो राग वाटतो, आणि मग दोन्हीकडून अबोला.

पण काकांचं वेगळं आहे, ते मी गोड बोलून सोडणार नाही. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते लंगडतात ते दुखतं म्हणून. तुझ्या लग्नात कानपिळी झाली असेल, भावाने नवऱ्याचा कान पिळला, वर त्याच्याचकडून आहेर घेतला. तिथे नवऱ्याला आधीच माहीत असतं कान पिळणार, तो मुद्दाम मोठ्याने ओरडतो, नंतर मेव्हण्याची फिरकी घ्यायला मोकळा. चहातल्या मिठाचंही तसंच, नवरा उद्या तुझ्या चप्पल लपवू शकतो. काका काय करणार होते गं? भरल्या घरात सुनेवर चिडले असते तर चिडके ठरले असते, हसले असते तर स्वतःच्याच दुखण्यावर हसले असते. त्यांना उत्तर द्यायला तू जागाच ठेवली नाहीस. (दिराचीही चूक आहेच, पण त्याच्यामागे लपू नकोस.)

तर आधी त्यांच्या घरी जा. एकटी जा, नवऱ्याला वकील म्हणून नेऊ नकोस. "गंमत केली हो काका" हे वाक्य तर चुकूनही तोंडातून काढू नकोस, त्याचा अर्थ तुम्हालाच गंमत कळत नाही असा होतो. सरळ म्हण की तुमच्या दुखण्याची नक्कल केली, चुकलं माझं, आणि मग गुडघा कसा आहे विचारून ते काय सांगतील ते नीट ऐकून घे. ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजीने हे होत नाही. व्हिडिओ आता सगळ्यांच्या फोनमधून एकदम डिलीट होणार नाही, तेवढा वेळ निघून गेलाय, म्हणून ज्यांनी ठेवलाय त्यांना एकेकाला फोन करून काढायला सांग. कंटाळवाणं काम आहे पण ते तूच कर.

काका लगेच विरघळतील असं नाही. थोडे दिवस जाऊ देत, मागे लागू नकोस.

आणि नवऱ्याला विचार की मॅच्युअर म्हणजे नेमकं काय, कारण मला वाटतं त्याला काकांसमोर मान खाली घालावी लागली तेवढंच बोचलंय, खोड्या नाही.

श्रावणात तुझी पहिली मंगळागौर आहे म्हणतेस. त्यात फुगड्या, झिम्मा, पिंगा यांच्याबरोबर सासू-सुनेचं भांडणही खेळतात, गाण्यातून एकमेकींची उणीदुणी काढत. सासूबाईंना आत्ताच गळ घाल की माझ्यासमोर दुसरी तिसरी कुणी नको, तुम्हीच उभ्या राहा आणि मला हवं ते सुनवा. त्या आधी नाही नाहीच म्हणतील, तरी सोडू नकोस.