चंद्रभागा : आजीचे नाव नातीला ठेवताना (वाचकांचे प्रश्न)

एकाच नावाबद्दल सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलीला पणजीचे ‘चंद्रभागा’ हे नाव ठेवायचे आहे. घरचे म्हणतात, हे नदीचे नाव, माणसाचे नव्हेच. खरे काय? (विजापूर रोड, सोलापूर)

आपल्याकडे हे नाव घरोघरी गेले ते पंढरपूरच्या नदीवरून, एवढे घरच्यांचे बरोबर आहे. भीमाशंकरला उगम पावणारी भीमा पंढरपुराशी अर्धचंद्रासारखी वळते आणि तेवढ्यापुरती चंद्रभागा म्हणवते. पुढे तीच पुन्हा भीमा. विठ्ठलाच्या आरतीत दोन्ही नावे येतात ती त्यामुळेच.

पण नाव पंढरपूरचे एकट्याचे नाही. पुराणांतली जुनी चंद्रभागा म्हणजे आजची चिनाब. हिमाचलातल्या लाहौलमध्ये तांदी इथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात आणि तिथून पुढे ती चंद्रभागा होते. ऋग्वेदाच्या नदीसूक्तात हिचेच नाव असिक्नी आहे. कृष्णपुत्र सांबाने सूर्याची उपासना करून कोड घालवले ती कथा याच चंद्रभागेच्या काठची, आणि ओडिशात कोणार्कजवळच्या चंद्रभागा तीर्थालाही तीच कथा चिकटलेली आहे. विदर्भात अचलपूरच्या बाजूला पूर्णेला मिळणारी एक चंद्रभागा आहे, ऋषिकेशलाही आहे. तीर्थाचे नाव जिथे भक्त गेले तिथे गेले.

आता घरच्यांना सांगण्यासारखी गोष्ट. पद्मपुराणातल्या रमा एकादशीच्या कथेत चंद्रभागा ही चक्क बाई आहे. ही एकादशी आपल्या पंचांगात आश्विन वद्य, म्हणजे दिवाळीच्या तोंडावरची. मुचकुंद राजाच्या राज्यात एकादशीला हत्तीघोड्यांनाही चारा मिळत नसे. त्याची मुलगी चंद्रभागा, जावई शोभन. शोभन अशक्त, उपास झेपला नाही, गेला. त्या पुण्याने त्याला मंदराचलावर नगर मिळाले, पण ते टिकणारे नव्हते. चंद्रभागेने आठव्या वर्षापासून केलेल्या एकादश्यांचे पुण्य दिले तेव्हा ते स्थिर झाले. तेव्हा नाव माणसाचे आहे, आणि ज्या बाईचे आहे ती कथेत नवऱ्यापेक्षा खमकी आहे.

नदीचे नाव असलेली मुलगी लग्नाला अडते असे एका गुरुजींनी सांगितले. याला शास्त्रात आधार आहे का? (मोहोळ)

आधार आहे, पण तो कुणी पाळलेला दिसत नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातला नववा श्लोक सांगतो की नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, साप यांची नावे असलेली मुलगी करू नये. हा नियम खरोखर चालला असता तर रोहिणी, रेवती, तुळसा, मैना, गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, कावेरी या सगळ्या बिनलग्नाच्या राहिल्या असत्या. महाराष्ट्रात तर नदीचे नाव म्हणजे आईचे नाव असा भाव आहे.

गुरुजी शास्त्रावरच आले तर त्यांना दुसरा नियमही विचारा. पारस्कर गृह्यसूत्र सांगते की मुलीचे नाव विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे. चं-द्र-भा-गा ही चार अक्षरे, म्हणजे सम. या हिशेबाने भागीरथी आणि गोदावरीही बाद. शेवटी ‘आ’ आहे, म्हणजे निम्मी अट तरी पुरी झाली. मनुस्मृतीच्याच दुसऱ्या अध्यायात मुलीचे नाव उच्चाराला सोपे, मनोहर आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले असावे असे म्हटले आहे. ते मात्र चंद्रभागेला बसते.

आमच्या गावात सत्तरीच्या पुढे चंद्रभागा बऱ्याच, शाळेच्या हजेरीत एकही नाही. नाव मागे पडले ते का? (माढा)

तुम्ही केलेली तुलना हाच तपासाचा योग्य मार्ग आहे. नीट करायची तर गावाची मतदारयादी घ्या. तीत वय आणि लिंग दोन्ही छापलेले असते. बायकांची नावे दहा-दहा वर्षांच्या गटांत लावा आणि प्रत्येक गटात चंद्रभागा, भागीरथी, गोदावरी, सरस्वती किती ते मोजा. दोन गोष्टी सांभाळा. म्हाताऱ्या बायकांची वये अंदाजाने टाकलेली असतात, आणि जुन्या माणसांची जन्मतारीख शाळेच्या सोयीने १ जून लागलेली असते, म्हणून पाच वर्षे इकडेतिकडे धरूनच चाला. दुसरे, यादीत सून म्हणून आलेलीही असते, म्हणजे नाव तिच्या माहेरच्या गावाच्या आवडीचे असते.

कारणे एकाहून अधिक आहेत. घरोघरी आजीचे नाव नातीला जायचे ते थांबले. मग दोन-तीन अक्षरी नावे आली, सुनीता, अनिता, संगीता अशा लाटा, पुढे त्याहून आखूड. चार अक्षरी, मध्ये जोडाक्षर असलेले नाव लांब वाटू लागले. आमच्या मते खरा घाव घातला तो ‘बाई’ने आणि हाकेच्या नावाने. कागदावर चंद्रभागाबाई, घरात भागा, भागू, चंद्री. मूळ नाव कुणी पुरते उच्चारलेच नाही, आणि मुलींना आठवत राहिली ती ‘भागी’. इंद्रायणी किंवा शरयू ही नावे पुन्हा ठेवली जातात, कारण त्यांना अशी चिकटलेली हाक नव्हती. चंद्रभागा परत आणायची असेल तर हाकेचे नाव आधी ठरवा. चंद्रा चालते. काहीच ठरवले नाही तर शेजारपाजार भागू करून टाकतात.

चंद्रभान हे याचेच पुरुषी रूप का? (बार्शी)

नाही. ते चंद्रभानु; भानु म्हणजे किरण. सुरुवात सारखी एवढेच.

जन्मनाव म्हणून चालेल का, आणि नोंद करताना काय सांभाळावे? (जुळे सोलापूर)

अवकहडा चक्रात, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचे पहिले अक्षर सांगणाऱ्या कोष्टकात, ‘चा’ हे अक्षर रेवतीच्या तिसऱ्या चरणाचे, रास मीन. मुलगी त्या चरणावर जन्मली असेल तर चंद्रभागा हेच नावरस नाव, म्हणजे जन्मनाव, होईल. नसेल तर नावरस नाव पत्रिकेत राहू द्या आणि पाळण्यात चंद्रभागा ठेवा. दोन नावे ठेवायला हरकत कुणाचीच नसते. ‘भा’ मात्र मूळ नक्षत्रात येते, धनु राशीत. भागा या हाकेवरून कुणी रास काढली तर चुकेल.

नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, राहता तिथे नाही. बाळंतपण माहेरी, मंगळवेढ्याला झाले असेल तर सोलापूर महापालिकेत खेटे घालून उपयोग नाही. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. रुग्णालयात झाला असेल तर ते कळवतात, घरी झाला असेल तर ग्रामपंचायतीत तुम्ही. नाव ठरले नसेल तर नोंद नावाशिवाय होते आणि १२ महिन्यांपर्यंत नाव फुकट घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. घाई करून भलतेच नाव घालू नका. रिकाम्या जागी नाव घालणे सोपे, घातलेले बदलणे त्रासाचे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो.

चुका होतात त्या ठरलेल्या. इंग्रजी स्पेलिंग बारा अक्षरांचे आहे, त्यातला ‘बी’नंतरचा ‘एच’ गळतो आणि मुलगी चंद्रबागा होते. शेवटी एक ‘ए’ की दोन हे आधी ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. आम्ही एकच ‘ए’ सुचवतो. सगळ्यात वाईट चूक म्हणजे ‘चंद्र भागा’ असे तोडून लिहिणे. संगणक ‘चंद्र’ हे नाव आणि ‘भागा’ हे मधले नाव धरतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदांवर मूल, आई, वडील, आडनाव या क्रमाने येते, त्यामुळे मधल्या जागी आणखी एक शब्द घुसला की पुढचे सगळेच सरकते. सही करण्याआधी मसुदा मराठीत आणि इंग्रजीत अक्षर-अक्षर वाचून घ्या.

पणजीचा शोध घेतोय. आधारवर चंद्रभागाबाई, सातबाऱ्यावर भागूबाई, अक्कलकोटकडच्या नातेवाइकांत भागव्वा. एकच व्यक्ती का? (अक्कलकोट)

असू शकते, पण नुसत्या नावावरून ठरवू नका. भागू ही हाक चंद्रभागेची तशीच भागीरथीची. कानडी घरांत चंद्रव्वा, भागव्वा ही रूपे होतात, आणि भागव्वा म्हणजे भाग्यव्वाही असू शकते. त्यात लग्नात नाव बदलायची चाल. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेले सासरचे नाव पुढच्या सगळ्या कागदांवर जाते आणि माहेरचे तिथेच संपते. म्हणून सासर आणि माहेर अशा दोन्ही गावांत शोधावे लागते.

शोधताना बाईचे नाव एकटे बघू नका, त्याच्या शेजारचा शब्द बघा. जुन्या कागदात ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ (कधी नुसते ‘भ्र.’) याच्यापुढे नवऱ्याचे नाव असते, ‘बिन’पुढे बापाचे. ‘अ. पा. क. आई’ असे दिसले तर समजा की मुलगा अज्ञान, म्हणजे वयाने लहान, होता आणि ती पालनकर्ती. सातबाऱ्यावर बाईचे नाव पहिल्यांदा येते ते बहुतेक असेच, नवरा वारल्यावर. त्या नोंदीचा फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) क्रमांक घेऊन फेरफाराचा उतारा काढा. तिथे वारसांची नावे, नाते आणि तारीख मिळते. मग गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, आणि भावांच्या शाळेतले जनरल रजिस्टर. जुनी पाने मोडीत असतात. मोडीत शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत, तेव्हा वाचणारा जाणता हवा. पणजीचे माहेर तुळजापूरकडचे असेल तर ते १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि तिथल्या कागदांत उर्दूही भेटते. अक्कलकोटही तेव्हा संस्थान होते.

नवऱ्याचे नाव, गाव आणि एका तरी मुलाचे नाव हे तीन धागे दोन कागदांत जुळले तर एकच व्यक्ती धरायला हरकत नाही. वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि ‘चंद्रभागा ऊर्फ भागूबाई ही एकच व्यक्ती’ असे प्रतिज्ञापत्र द्या. कायद्याने वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. सातबाऱ्यावर नाव लिहिताना लेखनिकाची चूक झाली असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज होतो. अर्जाला मूळ फेरफाराची नक्कल जोडा. ती नसली की अर्ज परत येतो.